मामासासऱ्यांचं पाणीमाप

कावेरीच्या साऱ्या खोऱ्यात कुठलंही पाणी आमच्या मामासासऱ्यांना आपला वेग सांगितल्याशिवाय पुढे जात नसावं. जलविद्युत खात्यातून निवृत्त झाले, पण हात काही पाण्यातून निघाला नाही. तंजावुरातल्या त्यांच्या न्हाणीघरातून सकाळी स्तोत्राऐवजी "आज धार मंद आहे हो!" अशी आरोळी येते. एका लग्नात रसम वाढणाऱ्याला त्यांनी थांबवलं, "पळी तिरकी धर, एकसारखं पडूं दे," आणि पुढची अख्खी पंगत कोरड्या भातासमोर ताटकळली. कावेरीकाठी तिरुवैयारुला गेलो की लोक नदीत डुबकी मारतात; हे फुलं सोडतात आणि एका हातात घड्याळ धरून, दुसऱ्याने वेष्टीचा सोगा सावरत काठाकाठाने त्यांच्या मागे पळतात. मामी म्हणतात, "देवास नव्हे, घड्याळास वाहतात फुलं."

गेल्या हंगामात मात्र गोष्ट गमतीची राहिली नाही. कालव्यावरच्या लहानशा वीजघरातलं टर्बाइन मामांनी तरुणपणी स्वतः उभं राहून बसवलेलं. वीज कमी पडू लागली, तेव्हा तिथली नवी इंजिनिअर मुलगी म्हणाली, यंत्र झिजलंय, काढावं लागेल. मामा उसळले. "यंत्रास कशास बोल लावतां? पाणीच कमी येतंय! मोजा!"

मोजायच्या दिवशी मला, म्हणजे त्यांच्या 'माप्पिळ्ळै'ला, जावयाचा मान म्हणून छत्री धरायला नेलं. छोट्या पंख्याचं मापक कालव्यात उतरलं. काठाशी, मध्यावर, वर, तळाशी. पाणी जितकं वेगात, तितका पंखा भरभर फिरे. त्याच वेळी आत वीज किती होतेय तेही टिपलं जात होतं. मामा काठावर अक्षरशः नाचत होते. "सरी, सरी! आणखी खाली सोड! शेवाळ काढ गं आधी!" 'सरी' म्हणजे 'बरं' एवढं तमिळ सोडलं, तर उत्साहाच्या भरात ते त्या तमिळ मुलीशी घरच्या तंजावुरी मराठीत बोलत होते आणि ती बिचारी हातवाऱ्यांवरून समजून घेत होती. दहीभाताचा डबा काही उघडू देईनात.

हिशेब झाला. ती तमिळमध्ये हळूच म्हणाली, "सर, पाणी भरपूर आहे. टर्बाइनच कमी पडतंय."

मामांनी पुन्हा मोजायला लावलं. उत्तर तेच. आणि हे गृहस्थ टाळी वाजवून ओरडले, "तेंच! दोन्ही वेळां तेंच! काय सुरेख मोजलंस गं, पोरी!" तिचा हात त्यांनी इतका हलवला की तिचा चष्मा घसरला. "काढा यंत्र! इतकं पाणी फुकट जातंय, आणि मी भांडत बसलोंय!"

निघताना ते एकटेच आत गेले. मी गाडी आल्याचं सांगायला गेलो, तर टर्बाइनच्या अंगावर तळहात ठेवून उभे होते.

"थांबा थोडं, माप्पिळ्ळै," ते म्हणाले. "अजून फिरतंय."