चौथ्या साच्यावरचा रंधा

माझे सासरे सुतार. तरुणपणी कोकणात नावा बांधायच्या कामावर राहून आलेले. निपाणीकडे वेदगंगेवर माणसं उतरवायला नाव लागली की गावं त्यांच्याकडेच यायची. लग्नानंतर मी त्यांच्याच हाताखाली राहिलो. मी त्यांना मामा म्हणे, ते मला पावनं.

नाव बांधायची म्हणजे आधी साचे. नावेच्या पोटाच्या आकाराचे सात साचे लांब तुळईवर उपडे उभे करायचे, मग लोंढ्याहून आलेल्या सागाच्या अरुंद पट्ट्या त्यांच्यावर वाकवून एकीला एक जोडत जायच्या. पण त्याआधी एक पातळ, लवचिक काठी साऱ्या साच्यांवरून आडवी लावून बघायची. ती प्रत्येकाला टेकली पाहिजे. उंच असेल तिथं रंधा मारायचा. एक साचा चुकला की नावेच्या अंगाला खळगा. आखायचे मामा, तासायचो मी.

अमावास्येला आम्ही हत्याराला हात लावत नाही. त्या अमावास्येला मामा संकेश्वरला गेलते. मला वाटलं, चौथा साचा वर आलाय, आल्यावर त्यांना काम झालेलं दिसेल. रंधा मारला. काठी लावली तर खाली बोट जाईल एवढी फट. चौथा उंच नव्हताच. मी काठीच वाकडी धरली होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी ती फट बोटानं चाचपली.

"पावनं, माझंच आखणं चुकलं. डोळं गेलं आता."

मी गप्प राहिलो. फटीत लाकडाची पातळ चीप चिकटवली, नाव झाली, पाण्यात सरळ चालली. पण मामांनी आखायची पेन्सिल माझ्या हातात दिली ती दिलीच. पुढं ते लिंबाखाली बसून विळ्यांच्या मुठी करायचे. सासूबाई म्हणायच्या, "नावा बांधणारा सुतार म्हणं, आणि आता मुठी करतोय बघा." ते हसायचे. मला जेवण गोड लागायचं नाही.

तीन वर्षांनी दुसरी नाव आली. साचे मी आखले, काठी काही केल्या बसेना. शेवटी लिंबाखाली गेलो आणि सगळं सांगितलं.

"अवसेला?" मामांनी विचारलं.

"व्हय."

हातातली मूठ ते नुसतेच फिरवत राहिले.

"अवसेचं देव बघंल. पर तीन वरीस मी सोताला आंधळा समजून बसलो, पावनं."

त्यांच्या त्या वयाला आता मीही टेकलोय. बायकोला हे कधी सांगितलं नाही, ती आता इथं वाचेल.

मामा उठले. साच्यांपाशी येऊन डोळे मिटले आणि काठीवरून तळवा फिरवत गेले. पाचव्याशी थांबले.

"हितं केसभर तासा. आणि दुसरा लई खाली गेलाय, त्यो नवा आखाय पायजे." मग हात पुढं केला. "आणा ती पेन्सिल."