महाराजांच्या दिव्याची वायर

त्या सकाळी मी दत्त महाराजांवर चिडले होते, हे आधीच सांगून टाकते. चावी फिरवली की गाडी नुसती कटकट करायची आणि गप्प व्हायची. नवी बॅटरी घालून जेमतेम महिना झालेला. मागच्या सीटवर हे उशीला टेकून बसले होते, डायलिसिसला निघायचं होतं. पायातली ताकद गेल्यापासून यांना रिक्षात चढता येत नाही आणि परतताना आडवं व्हावंच लागतं, म्हणून सगळी भिस्त त्या जुन्या गाडीवर.

खरी भीती मात्र गाडीची नव्हती. गेले काही दिवस हे म्हणत होते, "पुरे झालं आता ते मशीन." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. गाडी सुरू होईना तसे हे शांतपणे म्हणाले, "बघ, महाराजच नको म्हणतायत. चल वर." आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. आज गेले नाहीत तर पुन्हा कधीच जाणार नाहीत, हे मला कळत होतं. डॅशबोर्डवरच्या मूर्तीकडे बघून मनात म्हटलं, तुमच्यासाठी एवढं करते आणि तुम्हीही यांच्याच बाजूचे?

एवढं म्हणजे काय, तर डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी नवस बोलले होते की, हा प्रवास चालू आहे तोवर गाडीतला महाराजांचा दिवा विझू देणार नाही. घरी देवापुढे नंदादीप असतो, तसा. काशीमीऱ्याच्या एका दुकानातून मूर्तीमागे विजेचा छोटा दिवा आणि नामजपाची डबी बसवून घेतली, चावी काढली तरी चालू राहील अशी. गाडी लावली की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून डबीचा आवाज तेवढा शून्यावर आणायचा.

सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "आंटी, धक्का मारके देखें?" तेवढ्यात बाजूला गाडी लावून एक बाई उतरली. जवळच्याच उत्तन गावची होती, आमच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या तिच्या मावशीला भाचीच्या बाप्तिस्म्याचं बोलावणं करायला आलेली. आमची धडपड बघून म्हणाली, "काकी, बॉनेट खोला जरा. मी आयटीआयमध्ये पोरांना हेच शिकवते."

डिकीतून तिने केबल आणि मीटर काढला. तिच्या बॅटरीवरून आमची गाडी सुरू केली, केबल सोडवली आणि मीटर लावला. "चौदा व्होल्टच्या वर हाय. म्हणजे चार्जिंग बरोबर होतंय." मग गाडी बंद करून चावी माझ्या हातात दिली आणि पुन्हा मीटर जोडून बराच वेळ बघत राहिली. "येणारं नीट येतंय काकी. पन गाडी बंद असताना कोणतरी पितंय." बॅटरीवरून एक जादा वायर निघाली होती. तिचा माग काढत ती थेट मूर्तीपाशी आली आणि हात मागे घेतला.

"देवाची वायर हाय. मी काढू, का तुम्ही काढता?"

माझा हात उचलेना. तिला सगळं सांगितलं, आवाज तर मी बंद करते, असंही म्हटलं.

"आवाज बंद, डबी बंद न्हाय. ती रात्रभर जप करते. आन् तुमचं फिरणं इथल्या इथं, तेवढ्यात बॅटरी भरत न्हाय." मग हळूच म्हणाली, "आमच्या आईनं पन मेरीमातेला अशीच लाइट लावलेली. देवाला करंट लागत न्हाय काकी, स्टार्टरला लागतो."

मागून हसण्याचा आवाज आला. कित्येक दिवसांनी हे हसत होते. "म्हणजे महाराजांनी नाही, तूच अडवलंस होय गाडीला? चल आता, उशीर होतोय." मी हात जोडले आणि वायर ओढून काढली. तिने पुन्हा केबल लावून गाडी सुरू करून दिली, "हास्पिटलपर्यंत बंद पडू देऊ नका," असं बजावलं आणि लिफ्टकडे गेली. घाईत तिचं नावही विचारायचं राहिलं.

हा योगायोग की कृपा, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. नवस करून मी निर्धास्त झाले होते, जणू दिवा जळतोय म्हणजे बाकीचं महाराजांनी बघायचं. शरण जाणं म्हणजे त्यांना बांधून घालणं नव्हे, एवढं त्या दिवशी उमगलं. बांधलेलं मी सोडलं, आणि त्यांनी ज्या हातांनी सांभाळायचं त्या हातांनी सांभाळलं. त्या बाईची मी आजही ऋणी आहे.

परतताना काशीमीऱ्याच्या सिग्नलला ट्रकांमध्ये अडकलो. हे मागे आडवे झाले होते. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"परवा किती वाजता निघायचं?" यांनी विचारलं.

सिग्नल सुटला, मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि मला रडू आवरून वेळ सांगता येईना.