टायरमध्ये संशोधन जारी आहे

“मॅडम, इतवार की रेस के बाद हम लोग जा रहे हैं. बता के जा रहे हैं, इसे हमारी शराफ़त समझिए.”

गुरुवारी सकाळी फोन उघडला तर त्यागीजींचा हा मेसेज. मी डबा भरत होते. भाजी डब्यात, पोळ्या ताटातच राहिल्या आणि मी तशीच ऑफिसला निघाले.

त्यागीजी गाझियाबादच्या कोर्टात वकिली करतात. ‘हम लोग’ म्हणजे त्यांची लीग. गाझियाबाद, मेरठ, सोनीपत, फरीदाबाद अशा ठिकाणचे हे लोक दर रविवारी संध्याकाळी आपापल्या घरी, टेबलाला स्टिअरिंग लावून, आमच्या गेममध्ये एकत्र शर्यत करायचे. आमचा गेम म्हणजे रेसिंग सिम्युलेटर. उड्या मारणाऱ्या, हवेत फिरणाऱ्या गाड्या यात नसतात. खरी गाडी जशी वळते, घसरते, तापते, तशीच ही वळली-घसरली पाहिजे. नाहीतर खेळणारे लोक तुम्हाला सोडत नाहीत.

मी तिथे कम्युनिटी मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय, असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. जे गेम खेळतात त्यांचं ऐकून घ्यायचं, आणि जे बनवतात त्यांचं म्हणणं खेळणाऱ्यांना समजेल असं सांगायचं. त्याआधी मी बरीच वर्षं एका कार कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये होते. कामात फरक फारसा नाही. तिथे शिव्या फोनवर ऐकायच्या, इथे त्या फोरमवर वाचायच्या.

आमची कंपनी म्हणजे दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधला एक फ्लॅट. त्यात तीन माणसं. हरप्रीत ट्रॅक आणि गाड्यांची चित्रं बनवतो. बाकी सगळं, म्हणजे गाडीचं वागणं, अभिजित एकटा बनवतो. अभिजित पुण्याचा. मानेसरला एका कारखान्यात सस्पेन्शनचं डिझाइन करायचा. चांगली नोकरी, कंपनीची बस, वेळेवर प्रमोशन. ते सोडून तो या उद्योगात पडला. त्याच्या आईने माझ्याकडेच फोनवर दोनदा तक्रार केली आहे, जशी काही मीच त्याला फूस लावली.

गेम ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये होता. हा आमच्या धंद्यातला शब्द. खिचडी अर्धी शिजलेली असतानाच वाढायची आणि खाणाऱ्याने मीठ कमी की जास्त ते सांगायचं, असा तो व्यवहार. खाणारे सुरुवातीला फार उत्साही असतात. पण खिचडी शिजतच नाही म्हटल्यावर ते स्वयंपाकघरात डोकवायला लागतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आमची न शिजणारी गोष्ट होती टायर. ‘टायर मॉडेल’ म्हणजे टायर रस्त्याला किती धरून ठेवेल, कधी सोडेल, याचं गणित. आमचा टायर तीन-चार फेऱ्या शहाण्यासारखा वागायचा. मग एखाद्या हळू वळणावर एकदम, काही कारण नसताना, साबणावरून गेल्यासारखा घसरायचा. कितीतरी महिने हे चालू होतं.

ऑफिसात पोचल्यावर मी अभिजितला मेसेज दाखवला. तो वाचून खुर्चीत मागे रेलला.

“ताई, लीग गेली तर मी दुकान बंद करतो. मानेसरचे लोक अजून विचारतायत. जाईन परत.”

“असं लगेच काय?”

“रविवारी सर्व्हर रिकामा दिसला तर नवीन माणूस आत येईल का? रिकाम्या खानावळीत कोण जेवायला बसतं?”

खरंच होतं ते. तो रागावून बोलला असता तर मी समजूत काढली असती. तो शांतपणे बोलला, त्याचीच मला भीती वाटली.

“पण मला एक कळत नाही,” तो म्हणाला, “मी दर पंधरवड्याला अपडेट लिहितो. खोटं एक अक्षर नाही लिहिलं. दिवाळीला देतो, होळीला देतो, असलं कधीच नाही. मग फसवलं, फसवलं काय लावलंय यांनी?”

त्याची अपडेट्स मीही वाचत होते. हिंदीतच असायची, कारण खेळणाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, भाई, इंग्लिश छोडो. अभिजितची हिंदी आपल्या सगळ्यांसारखीच. बोलताना अडखळणार, पण लिहायला बसला की जड जड संस्कृत शब्द टाकणार. शब्द जड झाला की हिंदी झाली, अशी आपली समजूत असते. प्रत्येक अपडेटमध्ये एक ओळ ठरलेली: ‘टायर मॉडल में संशोधन जारी है.’ मला ती अगदी सरळ, प्रामाणिक ओळ वाटायची. खाली लोकांचे टोमणे असायचे. एकाने लिहिलं होतं, ‘टायर का संशोधन हो रहा है या संविधान का?’ मी त्यावर हसले होते. संविधान कुठून आलं हे मला कळलं नव्हतं, पण टोमणा आहे एवढं कळलं होतं.

मी त्यागीजींना फोन केला. म्हटलं, जायचं तर जा, पण एकदा समोरासमोर बोलू. त्यांनी शनिवारी दुपारी घरी बोलावलं. मी अभिजितलाही बरोबर घेतलं.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीतच ऑफिस होतं. एका टेबलावर केसच्या फायली, आणि त्याच टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग. खाली पेडल, ती सरकू नयेत म्हणून मागे दोन जाडजूड कायद्याची पुस्तकं. त्यांच्या पत्नीने चहा आणि मठरी आणून ठेवली. अभिजितकडे बघून म्हणाल्या, “अच्छा, आप हैं! मैं तो सोचती थी कोई बड़ी उम्र के होंगे. ये आपको इतना कोसते हैं.”

त्यागीजी लाजले. चहा होईपर्यंत विषय काढायचा नाही, एवढी रीत त्यांनी पाळली. मग लीगच्या सराव शर्यतीत अभिजितला बसवलं. दहा-बारा जण ऑनलाइन होते. अभिजित घोळक्यात बराच वेळ नीट चालवत होता. मग त्या हळू वळणावर त्याचीही गाडी गेली, सरळ कठड्यात. मला वाटलं, आता त्यागीजी हसतील. ते हसले नाहीत.

“देखा? बस यही होता है,” ते म्हणाले. “अब बताइए, इतने महीने से क्या ठीक कर रहे हैं आप?”

“सर, मैंने लिखा तो है. संशोधन चल रहा है.”

“वही तो पूछ रहा हूँ! संशोधन में इतना टाइम लगता है? मेरे यहाँ अर्ज़ी में संशोधन करना हो, तो ग़लती पर लाइन मारो, सही लिखो, काम ख़त्म.”

अभिजित माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाला, “ताई, हे कशाबद्दल बोलतायत?”

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं दिल्लीत काढून मला हे आधी दिसायला हवं होतं. मुलगी पहिलीत असताना मी तिच्या बाईंना कळवळून म्हटलं होतं, ‘मैडम, छोटी है, इसको शिक्षा मत दीजिए.’ बाईंना कळेना, ही बाई पोरीला शिकवू नका असं शाळेत येऊन का सांगते आहे. आपली शिक्षा वेगळी, त्यांची वेगळी. तसंच आपलं संशोधन वेगळं.

“त्यागीजी,” मी म्हटलं, “मराठी में संशोधन मतलब रिसर्च. खोज. ये लड़का इतने दिन से लिख रहा है कि रिसर्च चल रही है.”

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. चूक सापडलेली आहे, फक्त सुधारायची बाकी आहे. संविधानात होते ती. आणि वकिलाच्या कानाला तर हा शब्द रोजचा. अभिजित सांगत होता ‘शोधतोय’, आणि सगळी लीग ऐकत होती ‘झालंच’.

मला वाटलं, गैरसमज निघाला, आता सगळे हसतील आणि आम्ही घरी जाऊ. तसं काही झालं नाही. त्यागीजींचा चेहरा उतरला.

“रिसर्च? मतलब आपको अभी पता ही नहीं है कि ग़लत क्या है?”

“थोड़ा पता है. पूरा नहीं,” अभिजित म्हणाला.

“और कब तक पता चलेगा?”

मी टेबलाखालून अभिजितच्या पायाला पाय लावला. कस्टमर केअरमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, ‘माहीत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ‘आम्ही बघतोय’ म्हणायचं, ‘पुढे कळवलं आहे’ म्हणायचं. अभिजितला हे कोणी शिकवलेलं नाही.

“पता नहीं, सर.”

त्यागीजी उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. “तीन बार लड़के छोड़ के जा रहे थे. तीनों बार मैंने रोका. मैंने कहा, संशोधन चल रहा है, दीवाली तक हो जाएगा. वकील का कहा मान गए सब. अब मेरी ज़बान का क्या?”

मला फार वाईट वाटलं. फोरमवर हा माणूस आम्हाला झोडपत होता, आणि पाठीमागे आमचीच बाजू लढवत होता. एक पैसा फी न घेता. गिऱ्हाईक भांडतं तोवर ते आपलं असतं, हे मला माहीत होतं. ते आपल्यासाठी दुसऱ्यांशीही भांडत असतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

निघताना ते एवढंच म्हणाले, “जो मुझे बोला, वही सबको लिख दीजिए. मैं किसी को रोकूँगा नहीं, भगाऊँगा भी नहीं.”

परतताना गाडीतच आमचं वाजलं. मी म्हणत होते, सरळ ‘माहीत नाही’ लिहिलंस तर उरलेलेही जातील. घरी जाऊन मी छान मसुदा केला. आम्ही आपल्या विश्वासाची कदर करतो, वगैरे. अभिजितने तो वाचला आणि म्हणाला, “ताई, हे एखाद्या बँकेने लिहिल्यासारखं वाटतंय.” मला राग आला, पण वाटत होतं खरं तसंच. मग त्याने स्वतः लिहिलं, एकही जड शब्द न वापरता:

‘टायर में दिक्कत है. पूरी समझ में नहीं आई है. कब आएगी, पता नहीं. मैं मराठी हूँ, हमारे यहाँ संशोधन का मतलब रिसर्च होता है. त्यागीजी ने आपको जो बताया, मेरे लिखे पर बताया. उनकी ग़लती नहीं है. जो जाना चाहें, कोई शिकायत नहीं.’

पोस्ट टाकायचं बटणही त्यानेच दाबलं.

रविवारी सकाळपर्यंत उत्तरं आली. दोघा-तिघांनी घाण शिव्या दिल्या. एकाने लिहिलं, ‘तो हम इतने महीने मराठी पढ़ रहे थे?’ त्यावर बरेच जण हसले. पण बरेच जण गेलेसुद्धा, न हसता, न बोलता. संध्याकाळच्या शर्यतीला निम्म्याच गाड्या होत्या. त्यागीजींची होती. ते सातवे आले आणि निघून गेले.

सोमवारी त्यांचा फोन आला, मला नाही, अभिजितला. म्हणाले, रिसर्चच चाललीय तर प्रयोगात फसलेले टायरही आम्हाला चालवू द्या. अभिजित तयार होईना. अर्धवट काम दाखवायची त्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, “अरे, पूर्ण झालेलं म्हणून जे दिलंस ते तरी कुठे चालत होतं!” तेव्हा तो हसला आणि तयार झाला.

मग दर रविवारी लीग एक फसलेला टायर चालवायची. घसरले की खुशाल नावं ठेवायची, पण कुठे घसरले, पुढे कोण होतं, किती ब्रेक मारला, हेही सांगायची. त्यातूनच गोष्ट सापडली. अभिजित नेहमी रिकाम्या ट्रॅकवर एकटा चालवून बघायचा. घोळक्यात मात्र माणूस पुढच्याच्या मागे अडकतो आणि सारखा ब्रेक मारतो. ब्रेकची उष्णता चाकातून टायरमध्ये जाते. आमच्या गणितात ती जात होती, पण बाहेर पडतच नव्हती. टायर आतल्या आत तापत बसायचा. एकट्याच्या गाडीत हे कधी दिसलंच नसतं.

नवा टायर दिवाळी उलटून, थंडी संपता संपता बाहेर आला. गेलेल्यांपैकी थोडे परत आले, बहुतेक आले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही आले नसते. अभिजितने मानेसरला नाही म्हणून कळवलं. त्याच्या आईचा मला पुन्हा फोन आला.

टायर आला त्याच आठवड्यात फोरमवर पहिली तक्रार पडली की आता ब्रेक हलके लागतात. एका नव्या मुलाने विचारलं, कब तक ठीक होगा? मी उत्तर लिहायला बसले, तर माझ्याआधी त्यागीजींचं उत्तर येऊन पडलेलं.

‘इनको नहीं पता. पूछ के देख लिया है. आप इतवार को आ जाइए.’

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते एवढंच. लोक उशीर सहन करतात. फक्त आपण जे सांगतो तेच त्यांना ऐकू जातंय ना, हे मधूनमधून त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, विचारून यावं लागतं.