वरातीनंतरचा शेवट

पालीच्या कोळीवाड्यातल्या मॅक्सवेलला कुणी काहीही म्हणावं, त्याच्या होडीलासुद्धा नावं ठेवावीत, तो हसून सोडून द्यायचा. पण तरुणपणापासून आवडणाऱ्या एका कोळ्याच्या पिक्चरबद्दल वाकडा शब्द आला की गडी बाह्या सरसावायचा. म्हणून रविवारी जेवताना सिया, म्हणजे मोबाइलवर पिक्चरांची परीक्षणं करणारी त्याची नात, म्हणाली, "आजोबा, या आठवड्यात तुझ्या पिक्चरचा नंबर," तेव्हा त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"एवढं वादळ, आणि हीरोचा भांग मोडत नाही. तुला पटतं?"

"तेल चोपडल्यावर कसा मोडंल? माझा कधी मोडला?"

"तुला भांग पाडायला केस कुठे होते?"

सुरमईचा तुकडा वाढता वाढता टेरेझा, त्याची बायको, हसली.

"आणि शेवट तर इतका रडका..." सिया पुढे म्हणाली.

"शेवट झकास हाय," मॅक्सवेल घाईनं म्हणाला. "लग्न लागतं, वरात निघते. खलास."

आता यातली गोम अशी. तरुणपणी नवरा-बायको दोघं भायंदरला हाच पिक्चर पुन्हा पुन्हा बघायला जायची. वरात निघाली की टेरेझा उठायची, शेवटची बस चुकेल म्हणून. पुढे एकदा मॅक्सवेलनं एकट्यानं दुपारचा खेळ पुरा पाहिला. वरातीची होडी उलटते आणि नवरी बुडते. तो थेटरात ढसाढसा रडला आणि घरी येऊन गप्प बसला. टेरेझाच्या मनात ती नवरी सुखानं नांदत होती. तिला कशाला बुडवायची?

"अरे, पण वरातीत ती..." सिया म्हणाली.

"गप जेव, बाय."

"बोलू दे तिला," टेरेझा म्हणाली. "बुडते ती. मी लग्नाआधीच बहिणीबरोबर बघितलाय."

"मग मला उठवायचीस कशाला?"

"पिक्चरात कुत्रं मेलं तरी तुझा रुमाल भिजतो."

"पण बस..."

"कंडक्टर कोण होता? माझा भाऊ स्टीवन. बहिणीला टाकून बस नेली असती त्यानं?"

मॅक्सवेल खाली मान घालून काटे काढत राहिला. तुकड्यातले काटे कधीच संपले होते.

जेवणं उरकल्यावर सियानं परीक्षणासाठी टीव्हीवर पिक्चर लावला. तिघं बघत बसली. वरात निघाली तशी टेरेझानं मॅक्सवेलच्या गुडघ्यावर थाप मारली.

"चल, बस चुकंल."

तो मुकाट्यानं उठला, चपला पायात सरकवल्या, आणि दोघं गल्लीतून समुद्राकडे चालू लागली. सियानं त्यांना वळणापर्यंत जाऊ दिलं आणि होडी उलटायच्या आत टीव्ही बंद केला.