गाठोड्यांची खोली

श्रीधरदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बेघरांच्या निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात खिचडीला फोडणी देत होते. फोन ठेवला आणि फोडणी पुरी केली. रडू आलं नाही. त्यानंतर बडोद्यात त्याच्या तीन शोकसभा झाल्या. तिन्हीत त्याला गरिबांचा आर्किटेक्ट म्हटलं गेलं आणि तिन्ही वेळा मी दातओठ खात बसले. चुलत बहीण म्हणून मला बोलायचा आग्रह झाला. बोलले असते तर सभा उधळली असती, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात बडोद्याच्या लहरीपुऱ्यात जुनी दुकानं पाडून काचेची शोरूम्स आली. त्यातली बरीचशी दादानेच केलेली. दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी माणसं हाकलली गेली आणि एका ट्रस्टने त्यांच्यासाठी अन्नछत्र आणि निवारा बांधायचं काम दिलं तेही दादालाच. पैसे घेतले नाहीत त्याने, हे खरं. हवेची त्याला जाण होती, हेही खरं. बांधकाम चालू असताना उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघत बसायचा आणि खिडकीची जागा वीतभर वर घ्यायला लावायचा. निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात आजही धूर कोंडत नाही.

पण नागरवाड्यातलं आमचं घर त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. प्रवासाहून आलेली ट्रंक, पिशवी, वळकटी, सगळं आमच्याकडे ओसरीवर राहायचं. बाहेरचं बाहेर, हातपाय धुऊन मग आत. दादाने निवाऱ्याच्या दाराशी तशीच एक खोली काढली. गाठोडं तिथे ठेवायचं, बिल्ला घ्यायचा, अंघोळ करायची, मगच झोपायच्या हॉलमध्ये यायचं. नकाशात फार सुंदर दिसायची ती खोली. तिथली व्यवस्था त्याने माझ्यावर सोपवली होती. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, "दादा, गाठोडं म्हणजेच त्यांचं घर आहे. डोक्याखाली असल्याशिवाय झोप नाही येणार त्यांना."

"जवा दे ना, लता, सोड. पडेल सवय. मला हॉलमध्ये चिंध्या नकोत."

मला! जसं काही तिथे तोच झोपणार होता.

रमीबा तरसालीची. सुनेने घराबाहेर काढलेली. संध्याकाळी पोटभर जेवायची, हॉलकडे बघायची आणि म्हणायची, "बेन, पोटलुं तो मारी पासे ज रहेशे." मग गाठोडं छातीशी धरून बाहेर ओट्यावर निजायची. नियम मोडून तिला आत घ्यायची हिंमत मला झाली नाही. नोकरी दादाने दिलेली होती ना... उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती ओट्यावर गारठून मेलेली सापडली. आत निम्म्या खाटा रिकाम्या होत्या.

दादा आला. ओटा इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाला, "इथे वर पत्रा घालायला हवा."

त्या क्षणी मला त्याचा जो तिटकारा आला, तो आजही आहे. त्याच दुपारी मी खोलीला कुलूप घातलं आणि सगळ्यांना गाठोड्यांसकट आत घेतलं. माझ्या डिझाइनची वाट लावलीस, म्हणाला, आणि कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही. चुकलं म्हणून तर कधीच म्हणाला नाही.

शेवटचा भेटला तो दवाखान्यात. जुने नकाशे आणि चष्मे भरलेली एक रेक्झिनची पिशवी त्याने छातीशी धरली होती. सिस्टर ती कपाटात ठेवायला मागत होती. वॉर्डात सामान चालत नव्हतं. तो सोडेना. "बेन, तमे समजावो ने," सिस्टर मला म्हणाली.

मी वाकून म्हटलं, "दादा, रमीबा अशीच धरून बसायची."

त्याने डोळे मिटले. हाताची पकड मात्र ढिली झाली नाही. आणखी बोलायला खूप होतं माझ्याकडे... मी सिस्टरकडे वळले आणि पिशवी उशाशीच राहील म्हणून तिच्याशी चक्क भांडले. राहिली ती, शेवटपर्यंत. रमीबासाठी मी एवढंही केलं नव्हतं.