कुंकू लागलेला पिस्टन

माझ्या आईनं माझ्यासाठी स्थळ बघितलं तेव्हा जमीन किती, विहिरीला पाणी किती, असलं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "गिरणी अजून चालू हाय न्हवं?" निपाणीपासून चार मैलांवरच्या गावात माझ्या सासऱ्यांनी ऑइल इंजिन आणून पिठाची गिरणी घातली होती. पंचक्रोशीत तेवढं एकच इंजिन. आईचा सगळा जन्म जात्यापाशी गेलेला, तळहाताचे घट्टे ती आम्हाला मोजायला लावायची. तिनं ठरवलं होतं की माझी पोरगी जातं ओढणार नाही. झालं, लग्न जमलं. नवरा कसा आहे ते कुणी विचारलंच नाही. चांगला निघाला म्हणून बरं, नाहीतर मी इंजिनाशीच संसार केला असता.

सासरे मी आले त्या वर्षीच गेले. मग गिरणी आमचे हे बघायचे आणि घर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्ती स्वभावानं गूळ, पण एकदा मनात घेतलं की दगड.

ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. नणंदेचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलेलं, आणि बरोबर बारा दिवस राहिले असताना इंजिन ठसकलं. दोनदा खोकलं, काळा धूर टाकला आणि बसलं. ह्यांनी उघडून बघितलं तर पिस्टनला उभा तडा. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात खालीवर नाचतो तो बिडाचा डबा, तांब्याएवढा जाड आणि उचलला तर बाळंतपणातल्या पोराएवढा जड. त्याला तडा म्हणजे इंजिन मेलं.

आता चारशे पानांचं पीठ. पोळ्यांची कणीक, डाळीचं पीठ, भाकरीची ज्वारी. मी आपली भाबडेपणानं म्हणाले, "आत्ती, निपाणीत गिरणी हाय. गाडी जुपूया आणि तिथनं दळून आणूया."

आत्तींनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी चोरी करा म्हणाले होते. "गिरणीवाल्याच्या घरचं दळण दुसऱ्याच्या गिरणीवर? व्याही मांडवात बसून हसतील गं. जातं हाय की घरात."

जातं होतं. ओढायला हात कुणाचे? आत्तींच्या मनगटात वात. नणंद नवरी, तिच्या हाताला घट्टे पडून चालणार नाहीत. राहिले माझे दोन. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्याशी बसले आणि आईच्या नावानं पहिली मूठ घातली. चौथ्या दिवशी माझ्या तळहाताला असे फोड आले की जेवताना घास बोटांनी न धरता मनगटानं ढकलावा लागला.

इकडं आमचे हे पिस्टनच्या मागं. कोल्हापूरला विचारलं, त्यांनी बेळगावला बोट दाखवलं. बेळगावात खडेबाजारात इंजिनाच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथं मिळेल म्हणाले. हे पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं गेले. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागं एक भट्टी लावलेली. वंटमुरीचा घाट आला की ड्रायव्हर उतारूंना उतरवायचा आणि सगळे मोटारीच्या मागं चालत घाट चढायचे. असे हे तडा गेलेला पिस्टन पिशवीत घेऊन घाट चढले, आणि तसेच परत आले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"उद्या या म्हणाला. माळ्यावर चढायला माणूस न्हाय."

"आणि मग त्यो सोता काय करत हुता दुकानात?"

"मी नेलेला तंबाखू खात बसला हुता."

निपाणीकडचा माणूस बेळगावला जाताना तंबाखूची पुडी नेतोच. त्या दुकानदारानं, तिकडं त्याला सावकार म्हणतात, पुडी घेतली, चिमूट तोंडात टाकली आणि कशालाही एकच उत्तर द्यायला लागला, "लढाई चालू हाय, तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. माल का नाही, तर लढाई. बसायला बाकडं का नाही, तर लढाई. ह्यांनी पाणी मागितलं तर म्हणे चौकातला नळ बघा, लढाई चालू हाय.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यानं पिस्टन दिला. ह्यांनी जुना पिस्टन मापाला म्हणून पिशवीतनं काढायला घेतला तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. इंजिनाचं नाव सांगितलास न्हवं? मला माप शिकवतोस व्हय?" आणि गाद्यांआडून एक कोरा, तेल माखलेला पिस्टन काढून दिला.

हे घरी आले तेव्हा मला तो पिस्टन बघून गहिवरून आलं. माहेरचा माणूस आल्यासारखं वाटलं. हे तसेच गिरणीकडं निघाले, पण आत्ती दारात आडव्या.

"नवं लोखंड हाय. पूजा केल्याबिगर आत घालायचं न्हाय."

आमच्याकडं नांगराचा फाळ असो नाहीतर शिवणाची सुई, नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. आत्तींनी पिस्टन पाटावर उभा केला, दुधापाण्यानं धुतला, पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची ओढली, वर बेलाचं पान ठेवलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. एकदम तेजस्वी दिसायला लागला. मग हे गिरणीत गेले आणि अर्ध्या तासानं कपाळाला हात लावून परत आले. पिस्टन नळकांड्यात जातच नव्हता. सुतभर जाड होता.

तिसरी खेप. ह्यांनी रॉकेलच्या चिंधीनं पिस्टन पुसून लख्ख केला. पण पिस्टनला रिंगा बसवायच्या बारीक खाचा असतात, त्यात हळद बसलेली. सावकारानं पिस्टन हातात घेतला, करंगळीचं नख खाचेतनं फिरवलं आणि पिवळं झालेलं नख ह्यांच्या नाकासमोर धरलं.

"ह्ये काय?"

"हळद."

"म्हंजे वापरलास. वापरलेला माल परत न्हाय."

"वापरला न्हाय, सावकार. नुसती पूजा केली. त्यो आत गेलाच न्हाय."

"कुंकू लागलं की वस्तू तुझी झाली, तम्मा. लगीन लावून परत आणतोस व्हय?"

हे घरी येऊन सांगत होते आणि मी ऐकत होते. राग आला, पण खरं सांगते, त्याच्या बोलण्यात तथ्य आहे असंही वाटलं. आणि तिथंच माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. कुंकू लागलं की वस्तू बदलते, हे तोच म्हणतोय न्हवं? मग बदलू दे की पुरती.

आत्ती चुलीपाशी बसलेल्या. आपल्या पूजेनं घात झाला, हे त्यांना लागलं होतं. मी जवळ जाऊन बसले.

"आत्ती, मला एक खटकतंय. ह्यांनी कुंकू पुसलं. लग्नघरातनं पुसल्या कुंकवाची वस्तू भाईर गेली."

आत्तींचा चेहरा उतरला. "व्हय की गं. अपशकुन झाला."

"मग परत नीट पूजा करून, मानानं घेऊन जाऊया. तुमी आणि मी."

लग्नाला पाच दिवस राहिले होते. एरवी आत्तींनी अशा घाईत सुनेला उंबरा ओलांडू दिला नसता. पण शकुनाचा प्रश्न. त्यांनी पिस्टनला पहिल्यापेक्षा ठळक कुंकू लावलं, बेलाचं पान ठेवलं, भंडारा उधळला, नव्या खणात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन मोटारीत बसल्या. जुन्या पिस्टनची पिशवी घेऊन हे आमच्या मागं. घाटात सगळे उतरले, आत्तीही उतरल्या, पण पिस्टन त्यांनी कुणाला धरू दिला नाही. कडेवर घेऊन चढल्या. मागनं येणारी एक बाई म्हणाली, "लेकरू किती म्हयन्याचं?" आत्ती धापा टाकत म्हणाल्या, "परवा आलाय."

दुकानात सावकार गादीवर तक्क्याला टेकून बसलेला. कपाळाला ठळक गंध, भिंतीवर देवाच्या तसबिरी, तसबिरींना ताजे हार. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. देवाला न भिणारा असता तर आमचं काही चाललं नसतं.

"आक्का, मी ह्यास्नी सांगितलंय," तो हे दिसताच म्हणाला. "माल परत न्हाय."

"परत कोण देतंय?" मी म्हणाले. "जरा टेकवायला जागा द्या. पुजलेला हाय, भुईवर ठेवता येत न्हाय."

तो हो-नाही म्हणायच्या आत आत्तींनी खण सोडला आणि पिस्टन त्याच्या समोरच्या फळीवर, बरोबर मधोमध उभा केला. बेलाचं पान सरळ केलं. पदर पसरून नमस्कार केला. त्या काही नाटक करत नव्हत्या बरं का. नाटक मी करत होते, त्या मनापासून करत होत्या. म्हणून तर जमलं.

बाजाराचा दिवस. एक कानडी बोलणारी बाई भाजीची बुट्टी घेऊन चालली होती, ती थबकली. "याव देवरू री?" कुठला देव म्हणून विचारते.

मी खोटं बोलले नाही. "इंजिनाचा," म्हणाले.

तिनं जरा विचार केला. मग बुट्टीतनं शेवंतीचं एक फूल काढून पिस्टनवर ठेवलं, हात जोडले आणि गेली. तिच्या मागच्या दोघी थांबल्या. एक म्हातारे आजोबा बोल्ट घ्यायला आलेले, त्यांनी पायरीखाली वहाणा काढल्या. तेव्हापासून जे गिऱ्हाईक येईल ते आजोबांच्या वहाणा बघून आपल्या काढायचं, आणि देवासमोर भाव काय करायचा म्हणून नुसतं उभं राहायचं. अर्ध्या तासात पायरीखाली पंधरा-वीस जोड आणि विक्री शून्य.

"आक्का, ह्ये उचला," सावकार म्हणाला.

"तुमीच उचला. तुमचीच फळी."

त्यानं हात पुढं केला, फुलाकडं बघितलं, हात मागं घेतला.

आजोबांनी विचारलं, "भानगड काय हाय?" मग मी सगळं सांगितलं. लग्न, जातं, तीन खेपा. फोड आलेले हात पुढं केले. बायका च्च च्च करायला लागल्या. सावकाराला तोंड लपवायला जागा नव्हती. तो मोठ्यानं म्हणाला, "मी जुना पिस्टन भाईर काढला, मोजला, मगच दिला. ह्यास्नीच बसवाय येत न्हाय."

आमचे हे तोवर खांबासारखे उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण बोलल्या त्या आत्ती. एकदम मऊ आवाजात, पोराला जेवायला बोलवावं तशा. "मोजलास न्हवं बाबा? मग झालं. बेलभंडारा हितंच हाय. हात ठेव आणि म्हण मोजला म्हणून. आमी चाललो घरला."

आमच्या भागात बेलभंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही. भाऊबंदकीच्या वाटण्या त्यावर होतात. सावकारानं पिस्टनकडं बघितलं. पिस्टनच्या माथ्यावर बेल, खाचांत भंडारा, वर शेवंती. त्याचा हात मांडीवरनं उठला, फळीपर्यंत आला आणि फळीवरची धूळ झाडून माघारी गेला.

"ती पिशवी आण हिकडं, तम्मा," तो ह्यांना म्हणाला.

त्यानं जुना पिस्टन पहिल्यांदा बाहेर काढला. कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, लावला. स्वतः शिडी घेऊन माळ्यावर चढला, आणि खाली आला तेव्हा डोक्यावर कोळ्याची जाळी आणि हातात पिस्टन. तो मोजून, ह्यांच्याकडनं मोजून घेऊन, कागदात बांधून दिला. मग फळीवरच्या पुजलेल्या पिस्टनकडं बघत म्हणाला, "आणि ह्याचं काय करू?"

"तुमच्याकडं आलाय तर राहू दे," आत्ती म्हणाल्या. "सोमवारी पाणी घालत जावा."

त्याला त्या खरंच सांगत होत्या. मी पदर तोंडात कोंबून पायरी उतरले.

घरी आल्यावर आत्ती पुन्हा पाट मांडायला लागल्या. आमचे हे आयुष्यात एकदाच आईसमोर आडवे उभे राहिले ते त्या दिवशी. "आधी बसवतो. मग किती पायजे तेवढं कुंकू लाव." गिरणीत गेले. मी जात्याशेजारी बसून कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग एक ठोका, मोठी फट, परत एक ठोका, आणि मग धुराड्यातनं टुक टुक टुक टुक सुरू झालं. कुत्री भुंकायला लागली. नणंद हातातलं काम टाकून पळत गिरणीकडं गेली. मी गेले नाही. मी जात्यातली राहिलेली ज्वारी काढून कोंबड्यांना घातली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र जात्याशी बसावंच लागलं. मांडवात पाच सुवासिनींनी मिळून जात्यावर हळद दळायची असते, त्याला घाणा भरणं म्हणतात, ते काही इंजिनावर होत नाही. बायका ओव्या म्हणत होत्या, खुंट्याला आंब्याची पानं बांधलेली. रीत पाच फेऱ्यांची. शेजारीण म्हणाली, "थांब की गं, ओवी संपू दे."

"पाच झाल्या," मी म्हणाले आणि उठले.