समोरची दोरी

लिस्बनमधल्या माझ्या खिडकीसमोर, अरुंद गल्लीपलीकडे, मारियाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी आहे. आज तिच्यावर नुसते चिमटे आहेत. वारा आला की ते एकमेकांवर हलकेच आपटतात.

मी अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम इथे घरी बसून करते. पगार तिकडचा, राहणं इकडचं. घर बघायला आले तेव्हा मालकाने सांगितलेलं भाडं मी लगेच मान्य केलं. फोनवर धाकटी बहीण हसली होती, "ताई, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारी तू, आणि तिथे एका शब्दात हो?"

"अगं, मला स्वस्तच वाटलं."

कुणाच्या मानाने स्वस्त, हे तेव्हा मनात आलं नाही. मारियाबाईंचा घरमालकही तोच. मी हो म्हटल्यावर, एक बाई एवढं देतेय असं सांगून त्याने त्यांच्याकडेही तेवढंच भाडं मागितलं. हे कळूनही मी रोज खिडकीतून त्यांना हात हलवत राहिले, बोलले नाही. या गल्लीतल्या दोऱ्या अशाच एकेक करून रिकाम्या झाल्या असतील. कुणी कुणाला हाकललं नाही. माझ्यासारखं कुणीतरी नुसतं हो म्हणालं.

आज सकाळी त्या घर सोडून लेकीकडे राहायला निघाल्या आणि निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती तू होय!" त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मग जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या, "चिमटे तिथेच ठेवलेत. लेकीच्या घरात ऊन येत नाही."